मेसेज गेला, पण पोचला का?

महिन्याची बैठक बसली की आमच्याकडे एक भांडण हमखास निघतं. सचिव म्हणते, "मी मेसेज टाकला होता." समोरची म्हणते, "मला आलाच नाही." दोघी आपापला फोन काढून दाखवतात, आणि दोघी खऱ्या असतात. एकीच्या फोनमध्ये मेसेज असतो, दुसरीच्या फोनमध्ये नसतो. मग तो मधल्यामध्ये गेला कुठे, हा प्रश्न आम्हा समन्वयकांच्या पदरात पडतो. गेल्या पावसाळ्यात एका गटाच्या कर्जप्रकरणावर सह्या करायच्या होत्या. निरोप तिघींना मिळालाच नाही. बँकेतलं काम महिनाभर पुढं गेलं आणि ज्या शेळ्या घ्यायच्या होत्या त्या भाव चढल्यावर घ्याव्या लागल्या. एका न पोचलेल्या मेसेजची किंमत अशी मोजावी लागते. म्हणून आज आपण बोलणार आहोत, की आपला निरोप पोचला की नाही हे मोबाईलचं जाळं ओळखतं तरी कसं.

आपल्या भाषेत याला फार नेमका शब्द आहे, पोच. पूर्वी मुंबईच्या गिरणीत काम करणारा माणूस कोकणात, साताऱ्याकडे घरी मनिऑर्डर करायचा. पोस्टमन दारात पैसे मोजून द्यायचा, घेणारीची सही नाहीतर अंगठा घ्यायचा, आणि तो सहीचा कागद उलटा मुंबईला जायचा. तो हातात पडला की त्या माणसाचा जीव भांड्यात पडायचा. पैसे पोचल्याची खात्री व्हायची ती उलट आलेल्या त्या चिठोऱ्यामुळं. मोबाईलचंही तसंच आहे. पाठवणाऱ्याला स्वतःहून काहीच दिसत नाही, समोरून पोच आली तरच कळतं. फरक एवढाच की मनिऑर्डरला पोच एकच होती, आणि मोबाईलमध्ये पोचांची उतरंड आहे. खालचं मडकं वेगळं, वरचं वेगळं. आपल्याला दिसतं ते फक्त सगळ्यांत वरचं.

आधी रस्ता समजून घेऊ. माझा मेसेज माझ्या फोनवरून उडून थेट तुमच्या फोनवर जात नाही. तो माझ्या फोनवरून जवळच्या टॉवरवर जातो, तिथून कंपनीच्या मोठ्या केंद्रात, तिथून इंटरनेटवरून व्हॉट्सॲपसारख्या ॲपच्या संगणकावर. मग तिथून तुमच्या कंपनीच्या केंद्रात, तुमच्या गावच्या टॉवरवर, आणि शेवटी तुमच्या फोनवर. यातला अगदी पहिला आणि अगदी शेवटचा टप्पा हवेतला. मधला बराचसा काचेच्या तंतूंतून, डोंगराळ भागात काही टॉवर एकमेकांना बिनतारी जोडलेले असतात तेवढं सोडून. सांडलवंड होते ती मुख्यतः टॉवर आणि फोन यांच्यामधल्या हवेत. मध्ये टेकडी येते, पत्र्याचं छप्पर येतं, माणूस गाडीत असतो, शिवाय आजूबाजूचे शंभर फोन त्याच वेळी बोलत असतात. म्हणून पोचेची सगळ्यांत कडक व्यवस्था तिथंच ठेवलेली आहे, आणि ती आम्हाला स्वतःला सगळ्यांत जास्त आवडली. आमच्यातल्या कुणी इंजिनिअर नाही, बी.ए. झालेल्या आहोत. पण ही गोष्ट गटाचा हिशोब ठेवणाऱ्या कुठल्याही बाईला कळेल.

आजही आपल्याकडे खूप फोन फोर-जीवर चालतात, तर फोर-जीचंच उदाहरण घेऊ. तुम्ही बाळाचा फोटो मागवलात तर तो अखंड येत नाही. त्याचे तुकडे होतात, आणि टॉवर सेकंदाच्या हजाराव्या भागात एक, असे गठ्ठे करून फोनकडे पाठवतो. प्रत्येक गठ्ठ्याच्या शेवटी टॉवर एक आकडा जोडतो. हा आकडा त्या गठ्ठ्यातल्या मजकुरावरूनच हिशोब करून काढलेला असतो. फोनला गठ्ठा मिळाला की फोन तोच हिशोब पुन्हा करतो आणि आपला आकडा जोडलेल्या आकड्याशी जुळतो का बघतो. म्हणजे काय, तर ताळा! आपण नाही का, गटाची रोख पाकिटात घालून वर रक्कम लिहून देतो, आणि घेणारी मोजून बघते. फोर-जीतला हा ताळा चोवीस शून्य-एकांचा असतो. बिघडलेला गठ्ठा असूनही ताळा योगायोगानं जुळावा, असं दीड कोटीत एकदाही घडणं कठीण.

ताळा जुळला की फोन टॉवरला उलट कळवतो, 'मिळाला'. नाही जुळला तर कळवतो, 'नाही मिळाला'. या पोचेला शब्दसुद्धा लागत नाही, एक नाहीतर शून्य, एवढंच. फोर-जीच्या एका प्रचलित पद्धतीत गठ्ठा मिळाल्यापासून सेकंदाच्या हजार भागांतले चार भाग गेले की पोच निघते, आणि 'नाही' आली तर पहिल्यापासून आठव्या भागात तोच गठ्ठा पुन्हा येतो. आपली पापणी लवेपर्यंत हा देवघेवीचा खेळ कितीतरी वेळा होऊन जातो.

कुणी विचारेल, मग पोच येईपर्यंत टॉवर हात बांधून बसतो का? नाही. तवा तापेपर्यंत आपण तरी कुठं बसतो? त्या पद्धतीत आठ गठ्ठ्यांची कामं एकमेकांत गुंतवून चाललेली असतात, जशा एकीकडे आठ चुली. एकीवरची भाकरी परतायची तोवर दुसरीवर टाकायची. ज्या चुलीची पोच आली नाही तिथली पुन्हा टाकायची, बाकीच्या चालूच.

आता एक गंमत. टॉवर मुद्दामच अशा वेगानं पाठवतो की दहातला साधारण एक गठ्ठा पहिल्या खेपेला चुकावा. ऐकून आम्हालाही नवल वाटलं होतं. पण पापड लाटणाऱ्या बाईला यात नवल वाटणार नाही. एकही पापड फाटू नये म्हणून जाड लाटायला गेलो तर किलोत पापड कमी बसतात आणि वाळायलाही वेळ लागतो. पातळ लाटायचा, एखादा फाटला तर गोळा करून पुन्हा लाटायचा, त्यातच बरकत आहे. टॉवरचा हिशोब तोच. दुसऱ्या खेपेचा उपाय हाताशी असला की पहिल्या खेपेला थोडी जोखीम घेता येते.

आणि चुकलेला गठ्ठा फोन फेकून देत नाही, हे तर आणखी छान. जुन्या काळी कार्बन घालून काढलेली प्रत आठवते? एका प्रतीत वरच्या ओळी पुसट, दुसरीत खालच्या. दोन्ही शेजारी ठेवल्या की सगळं वाचता येतं. फोन तेच करतो. पहिला बिघडलेला गठ्ठा जपून ठेवतो, दुसऱ्यांदा आलेला त्याच्यावर ठेवून दोन्ही मिळून वाचतो. एकटे वाचले असते तर दोन्ही नापास झाले असते, मिळून पास होतात.

हे झालं सगळ्यांत खालचं मडकं. पण पोचसुद्धा हवेतूनच जाते, तेव्हा तीही बिघडू शकते. फोनने 'नाही' म्हटलं आणि टॉवरला 'मिळाला' असं ऐकू आलं तर? टॉवर निर्धास्त होतो आणि तो तुकडा कायमचा राहून जातो. म्हणून त्याच्यावर दुसरं मडकं आहे. या थरात प्रत्येक तुकड्याला ओळीनं क्रमांक दिलेला असतो. टॉवर मधूनच विचारतो, 'सांग, कुठपर्यंत आलं?' फोन एक यादी देतो: अठरापर्यंत सगळे आले, फक्त चौदावा नाही. मग तेवढा चौदावा पुन्हा जातो. ज्या गटात पावतीपुस्तकाला क्रमांक असतात त्यांना हे लगेच समजेल. पावती हरवली हे कळतं ते आधीचा आणि नंतरचा क्रमांक हाताशी असतो म्हणून. क्रमांकाचा दुसरा उपयोग म्हणजे तोच तुकडा चुकून दोनदा आला तर फोनला कळतं आणि तो जादाचा टाकून देतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पैशांच्या गोष्टीत पुन्हा लागणार आहे.

एसटीनं घाट चढताना फोन एक टॉवर सोडून दुसरा धरतो, तेव्हाही हीच वही कामाला येते. जुना टॉवर ज्या तुकड्यांची पोच आली नाही ते नव्या टॉवरकडे सोपवतो, आणि फोन नव्या टॉवरला आपली यादी देतो. सासरी जाताना मुलीसोबत सामानाची यादी द्यावी, तसं. म्हणून मुलांचं गाणं बसमध्येही सहसा मध्येच तुटत नाही. जिथं पुढचा टॉवरच नाही तिथं मात्र कुणीच काही करू शकत नाही.

याच्याही वर तिसरं मडकं आहे. टॉवरला वगळून, तुमचा फोन आणि लांबचा तो ॲपचा संगणक यांच्यात एक थेट पोच चालते. टॉवरपर्यंत सगळं नीट येऊनही मधल्या वाटेत एखादा तुकडा पडू शकतो, तो या पोचेनं सापडतो. पोच वेळेत आली नाही की पाठवणारा तो तुकडा पुन्हा धाडतो, आणि वाटेत गर्दी असेल असं समजून वेगही कमी करतो. रेंज मध्ये मध्ये जाणाऱ्या जागी नेट एकदम मंदावतं, त्याचं हे एक कारण.

इथं डेटापॅकचा प्रश्न नेहमी येतो, "मग पुन्हा पुन्हा पाठवलेल्याचे पैसे आमच्याच माथी का?" तर टॉवर आणि फोन यांच्यातल्या खालच्या दोन मडक्यांमधली पुन्हा-पाठवणी तुमच्या पॅकमधून जात नाही, कारण डेटा मोजणारा काटा टॉवरच्या मागे, कंपनीच्या केंद्रात असतो. तिसऱ्या थरातली पुन्हा-पाठवणी मात्र त्या काट्यावरून जाते आणि मोजली जाते. म्हणजे थोडं आपल्या माथी, बरंचसं नाही.

आता घरोघरचा सवाल. "ताई, रेंज तर चार काड्या दाखवतेय, मग मेसेज का जात नाही?" काड्या दाखवतात ते तुमचा फोन टॉवरला किती ऐकतो ते. टॉवर तुमच्या फोनला किती ऐकतो, हे त्या काड्या सांगत नाहीत. टॉवरचा आवाज मोठा, वीस-चाळीस वॅटचा. फोनचा आवाज जास्तीत जास्त वॅटच्या पाचव्या भागाइतका, कारण तो छोट्याशा बॅटरीवर चालतो आणि आपल्या कानाला लागलेला असतो. टॉवरकडे संवेदनशील, उंचावरचे अँटेना असतात म्हणून तो फोनचं पुटपुटणं ऐकू शकतो, पण त्यालाही मर्यादा आहे. मंदिराच्या लाऊडस्पीकरवरची आरती शिवारात ऐकू येते, शिवारातून आपण मारलेली हाक मंदिरात ऐकू जात नाही, तसलाच प्रकार. आणि पोच तर फोनच्या या बारीक आवाजातच द्यायची असते! म्हणजे टॉवरचा गठ्ठा आपल्याला मिळाला तरी आपली 'मिळाला' ही हाक त्याला ऐकू गेली नाही, की तो पुन्हा पुन्हा तेच पाठवत बसतो. शिवाय एका टॉवरवर बाजारच्या दिवशी गर्दी झाली तरी काड्या भरलेल्याच दिसतात. म्हणून फोटो अडकला असेल तर पत्र्याच्या खोलीतून ओट्यावर या, टॉवरच्या बाजूच्या खिडकीशी उभ्या राहा. तुमची हाक तिकडं जायला वाट मिळते. फोन चालू-बंद करत बसण्यापेक्षा हे बरं.

आता वरचं मडकं, जे आपल्याला दिसतं. व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला की आधी छोटं घड्याळ दिसतं. म्हणजे मेसेज अजून तुमच्याच फोनमध्ये आहे. मग एक टिक, म्हणजे ॲपच्या संगणकापर्यंत गेला. दोन करड्या टिक म्हणजे समोरच्या फोनने पोच दिली. निळ्या झाल्या म्हणजे त्या फोनवर तो उघडला गेला. काही जणी निळ्या टिक बंद करून ठेवतात, तेव्हा निळं न होणं म्हणजे न वाचणं असं धरू नका. एका टिकवर अडकलेला मेसेज म्हणजे समोरचा फोन बंद आहे, नेट नाही, किंवा तुम्हाला ब्लॉक केलंय. न पोचलेला मेसेज ॲपच्या संगणकावर तीस दिवस थांबतो, मग जातो.

गटाच्या ग्रुपवर आणखी एक मेख आहे. तिथं दुसरी टिक तेव्हाच येते, जेव्हा ग्रुपमधल्या सगळ्यांच्या फोनवर मेसेज पोचतो. अकरा जणींच्या ग्रुपमध्ये दहा जणींना मिळाला आणि एकीचा फोन कपाटात बंद पडलाय, तर टिक एकच. सचिवांनी त्या मेसेजवर बोट दाबून धरावं आणि माहितीचं बटण दाबावं. कुणाला पोचला, कुणी वाचला, नावानिशी यादी येते. ज्या शेळ्यांच्या प्रकरणाची गोष्ट सुरुवातीला सांगितली, त्यात ती यादी कुणी उघडली असती तर त्या तिघींची नावं दुपारीच दिसली असती.

साध्या एसएमएसची तऱ्हा थोडी वेगळी. एसएमएसची सुरुवात १९९२ सालच्या डिसेंबरात इंग्लंडमध्ये झाली, नाताळच्या शुभेच्छांनी. इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, आपल्या देवनागरीत फक्त ७०, कारण आपली अक्षरं साठवायला जास्त जागा लागते. एसएमएस आधी कंपनीच्या एका केंद्रात जाऊन बसतो. तुमचा फोन बंद असेल तर तिथंच थांबतो. जाळ्यात एक नोंद होते की हिच्यासाठी निरोप ठेवलाय, आणि तुम्ही फोन चालू केला की जाळं त्या केंद्राला कळवतं, 'आली बघ ती.' म्हणून फोन चालू करताच धडाधड मेसेज येतात. ठरलेली मुदत संपली की मात्र केंद्र तो मेसेज काढून टाकतं. तुम्हाला पोच हवी असेल तर मेसेजच्या सेटिंगमध्ये डिलिव्हरी रिपोर्ट चालू करता येतो. ओटीपी उशिरा आला म्हणून दुसरा मागवला, आणि मग दोन्ही एकदम आले, तर बहुधा शेवटी मागवलेलाच चालतो.

एवढं सगळं झाल्यावर आता जरा आमच्या मनातलं. यंत्राची प्रत्येक पोच एवढंच सांगते की निरोप फोनपर्यंत गेला. फोन कुणाच्या हातात आहे, हे कुठल्याच टिकला माहीत नसतं. आपल्या किती जणींच्या घरी एकच चांगला फोन आहे आणि तो मुलाच्या नाहीतर मालकांच्या खिशात असतो! मुलगा कॉलेजात बसून मेसेज उघडतो, टिक निळी होते, आणि आई शेतात असते. सचिवाला वाटतं ताईंनी वाचलं. ताईंना ठाऊकच नाही. यावर 'फोन घ्या' असं सांगणं सोपं आहे, पण ते सांगणाऱ्यांनी पैसे कुठून आणायचे हेही सांगावं. तोपर्यंत आम्ही आमच्या गटांत एक पद्धत ठेवली आहे. बैठकीच्या निरोपाला जिनं स्वतः वाचलं तिनं स्वतःच्या आवाजात 'आले' एवढं बोलून पाठवायचं. लिहिता येत नसेल तरी बोलता येतंच, आणि मुलाचा आवाज लगेच ओळखू येतो. संध्याकाळपर्यंत जिचा आवाज आला नाही तिच्या दारात शेजारच्या वहिनी जातात. कर्ज, हप्ता, सही, असल्या गोष्टींत मेसेजवर भागवायचंच नाही, निरोप तोंडी द्यायचा आणि वहीत सही घ्यायची.

आता पैशांचं. फोनवरून पैसे पाठवले, आपल्या खात्यातून कापले गेले, आणि पडद्यावर 'पेंडिंग'. काळजात धस्स होतं. हे का होतं ते कळायला एक कोडं ऐका. समजा एका ओढ्याच्या दोन काठांवर दोन वाड्या आहेत, ओढ्याला पूर आहे. दोन्ही वाड्यांच्या बायकांनी एकाच दिवशी तहसीलला जायचं आहे. एकट्याच गेल्या तर काम फसणार. अलीकडची एका पोराच्या हाती निरोप धाडते, 'सोमवारी जाऊ.' पोरगं पोचलं की नाही हे तिला कळत नाही, म्हणून ती पलीकडून उत्तराची वाट बघते. पलीकडची उत्तर धाडते, 'बरं.' पण आता तिला काळजी, की माझं 'बरं' पोचलं का? नाही पोचलं तर अलीकडच्या येणारच नाहीत. म्हणून तिला त्या 'बरं'ची पोच हवी. ती पोच पाठवणारीला पुन्हा तीच काळजी! वाट बेभरवशाची असेल तर कितीही निरोप धाडा, दोघींना एकाच वेळी पक्की खात्री कधीच होत नाही. हे गणितानं सिद्ध झालेलं आहे. जिम ग्रे या संगणकतज्ज्ञानं १९७८ साली याला दोन सेनापतींचं कोडं असं नाव दिलं. आम्ही सेनापतींच्या जागी बायका घातल्या, एवढंच.

यूपीआयमध्ये तर दोन बँका, मध्ये राष्ट्रीय पेमेंट निगमची यंत्रणा, आणि दोन फोन. पैसे कापल्यावर समोरच्या बँकेची पोच अडकली, की मधल्या यंत्रणेला खात्रीनं 'झालं' म्हणता येत नाही आणि 'नाही झालं'ही म्हणता येत नाही. ती खोटं बोलण्यापेक्षा 'पेंडिंग' म्हणते. हे खरं तर प्रामाणिकपणाचं लक्षण आहे, पण आपल्या जिवाला घोर लागतो आणि आपण घाईनं तेच पैसे पुन्हा पाठवतो. तेच करायचं नाही. मघाशी क्रमांकाची गोष्ट सांगितली. खालच्या मडक्यांमध्ये तोच तुकडा दोनदा आला तर क्रमांक बघून एक टाकला जातो. पण तुम्ही पुन्हा पैसे पाठवलेत तर तो नवा व्यवहार, नवा क्रमांक. यंत्राला तो दुहेरी वाटतच नाही. पहिला व्यवहार नंतर पुरा झाला तर पैसे दोनदा जातात.

मग करायचं काय? व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक लिहून घ्या. ॲपमध्ये त्या व्यवहारावर जाऊन स्थिती तपासा. रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९चं परिपत्रक आहे. आपल्या खात्यातून पैसे कापले आणि समोरच्या व्यक्तीच्या खात्यात जमा झाले नाहीत, तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. दुकानदाराला दिलेले असतील आणि त्याला खात्री मिळाली नसेल तर पाच दिवसांत. त्यापुढं उशीर झाला तर बँकेनं दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यायची, आणि तीसुद्धा तुम्ही तक्रार करण्याची वाट न बघता. बँकेत गेल्यावर 'असं कुठं असतं' म्हणाले तर परिपत्रकाचं वर्ष सांगा. आमच्या ओळखीतल्या एका गटाच्या अध्यक्षांनी ते सांगितलं तेव्हा बोलण्याचा सूर एकदम बदलला.

आणि विक्रीला बसणाऱ्या मैत्रिणींनो, गिऱ्हाइकानं दाखवलेला स्क्रीनशॉट ही पोच नव्हे. तो त्याच्या फोनवरचा फोटो आहे, तुमच्या खात्याची नोंद नाही. मागच्या दिवाळीच्या प्रदर्शनात एका गटाचे चकली-चिवड्याचे साडेआठशे रुपये असेच गेले. गर्दीत हिरवी खूण बघितली आणि पिशवी देऊन टाकली. पोच नेहमी घेणाऱ्याच्या बाजूनं निघते, मनिऑर्डरपासून तोच कायदा आहे. आपल्या फोनवर बँकेचा मेसेज, खात्यातली नोंद, किंवा बोलणारा डबा. त्या डब्यात स्वतःचं सिमकार्ड असतं, म्हणजे त्यालाही रेंज लागते. मंडपात रेंज नसेल तर तो गप्प बसेल, तेव्हा डबा बोलला नाही म्हणून गिऱ्हाइकाला खोटं ठरवू नका. खातं उघडून बघा, मगच बोला.

शेवटी, जिथं पोच नसते त्याबद्दल दोन शब्द. फोनवरच्या बोलण्यात ती मघाची क्रमांकाची वही वापरत नाहीत. एखादा शब्द गळला आणि अर्ध्या मिनिटानं पुन्हा पाठवला तर त्याचा उपयोग काय? म्हणून गळलेलं सोडून पुढं जातात, आणि आपण "हॅलो, हॅलो, काय म्हणालात?" असं विचारून आपली पोच आपणच घेतो. २०२३ साली सगळ्यांच्या फोनवर एकदम भोंगा वाजून सरकारचा आपत्तीचा चाचणी संदेश आला होता, आठवतं? घाबरून कितीतरी जणींनी आम्हाला फोन केले होते. त्या पद्धतीत टॉवर आपल्या टापूतल्या सगळ्या फोनना एकदाच ओरडून सांगतो आणि कुणाचीच पोच मागत नाही. लाखो फोन एकदम 'मिळाला' म्हणू लागले तर संकटाच्या वेळी टॉवरच गुदमरेल. म्हणून त्यात एकेकाची पोच न घेता तोच संदेश पुन्हा पुन्हा ओरडतात.

आपलं रेडिओ केंद्रही त्याच जातीचं. इथून आम्ही बोलतो, ते कुणाच्या स्वयंपाकघरात पोचलं आणि कुणाच्या गोठ्यात, हे आम्हाला इथं बसून कळत नाही. म्हणून कार्यक्रमानंतर अर्धा तास केंद्राचा फोन चालू असतो. पेंडिंग व्यवहार असेल तर तो बारा आकडी क्रमांक हाताशी ठेवून लावा. पुढच्या बुधवारी आपण बँकेच्या पासबुकातल्या छोट्या छोट्या कपातींबद्दल बोलू, त्यासाठी आपापली पासबुकं भरून आणा.